वाघुरीबाहेरची राखण

१६१५च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला आणि नवापूर, नंदुरबार, थाळनेर अशा मजला मारत बऱ्हाणपूरला पोचला. सुरत-बऱ्हाणपूरची ही व्यापारी वाट आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जायची. रोचा पाद्री एडवर्ड टेरी पुढच्या वर्षी आला. त्याच्या ताफ्यातल्या जहाजांवर आठ मास्टिफ कुत्रे होते. त्यांतले दोनच जगले. जहांगीरच्या दरबाराकडे नेताना त्यांतला एक सुटला आणि थेट हत्तीच्या सोंडेला लटकला, असं टेरीने लिहून ठेवलं आहे. हत्तीने त्याला झटकून फेकलं. बादशहा मात्र या कुत्र्यांवर इतका खूश झाला, की त्याने प्रत्येकाच्या दिमतीला चार नोकर दिले, पालखी दिली आणि आपल्या हाताने भरवता यावं म्हणून चांदीचा चिमटा करवून घेतला.

याच मुलखात मेंढ्यांमागे चालणाऱ्या कुत्र्यांना असा बखरकार लाभला नाही. पण तापट, चपळ कुत्र्याबरोबर राहायचं कसं, हे बादशहापेक्षा मेंढपाळांना अधिक कळलेलं होतं.

ठेलारी हे खानदेशातले धनगर. साक्रीच्या माळापासून नंदुरबारकडे त्यांची वर्षातले कित्येक महिने फिरस्ती चालते. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, पुढे मेंढरं, आजूबाजूला कुत्री. पीक निघालेल्या रानात वाडा, म्हणजे त्यांचा तळ, उतरतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, ठेलाऱ्याला धान्य किंवा पैसे. अंधार पडायच्या आत जाळीची वाघूर लावून मेंढ्या कोंडतात आणि कुत्री बाहेरच्या बाजूला आपापली जागा धरतात. मध्यरात्री एखादं कुत्रं नुसते कान टवकारतं. मग घशातल्या घशात गुरगुर. दुसऱ्या टोकाचं त्याला भुंकून साथ देतं, तिसरं उठून चार पावलं पुढे जातं. गोधडीत पडलेला मालक ऐकत असतो. कोल्ह्यावरचं भुंकणं वेगळं, माणसावरचं वेगळं, लांडग्यावरचं त्याहून वेगळं. प्रत्येक वेळी तो उठत नाही. लांडग्याशी झुंजण्याची पाळी क्वचितच येते. जाग आहे एवढं त्याला कळलं, की बहुतेकदा तो वाट बदलतो. शहरी बंगल्यात ज्या भुंकण्याची शेजारी तक्रार करतात, ते इथे रोजचं काम आहे.

हे काम कुत्र्याला छडी घेऊन कुणी शिकवत नाही. मेंढ्या चरायला गेल्या, की लहान कोकरं वाड्यावर बायापोरांच्या नजरेखाली राहतात. कुत्रीची पिल्लंही तिथेच असतात, कोकरांच्या अंगावर लोळतात, त्यांच्या वासात वाढतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५च्या ग्रंथात दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाची आपल्या-परक्याची ओळख पक्की होते. मेंढपाळांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. त्यांच्या वाड्याची मांडणीच तशी होती.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, रीत निराळी. तिथली घरं पाड्यापाड्यांत, ज्याच्या त्याच्या शेतात विखुरलेली. भिल्ल आणि पावरा शिकाऱ्याच्या तिरकामठ्याबरोबर कुत्रं रान काढायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. कुत्र्याकडे मात्र घराची आणि मक्याच्या शेताची राखण तेवढी उरली. ते अजूनही मोकळं असतं आणि डोंगरउतारावरचं परकं पाऊल लांबूनच ओळखतं.

शहादा-नंदुरबारच्या नव्या वसाहतींत आता जर्मन शेफर्ड दिसतो. तोही मूळचा मेंढपाळाचाच कुत्रा. माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९मध्ये जर्मनीतल्या मेंढरांमागच्या कुत्र्यांतून ही जात नावारूपाला आणली. दिवसभर कळपाला वळसे घालायला घडलेला हा प्राणी फाटकाजवळ दोन हात साखळीला बांधला, की गोलगोल फिरतो, स्वतःचं शेपूट धरतो, स्कूटरवर झेपावतो. मालक त्याला द्वाड म्हणतो. खरं तर तो बेकार आहे. पहाटे तासभर फिरवणं, घरात लपवलेली वस्तू वासावरून शोधायला लावणं, एवढ्यानेही त्याच्यात फरक पडतो.

बुजऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय शहरांतल्या १६० भटक्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने बोटाने भांडं दाखवावं, असा प्रयोग केला; तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. जवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री, कसलंही शिक्षण नसताना, बोटाच्या दिशेने गेली. पण जवळपास निम्मी जवळच आली नव्हती. ती मठ्ठ नव्हती, धास्तावलेली होती. माणसांचा वाईट अनुभव त्यांच्या गाठीशी असावा, असं संशोधकांना वाटलं.

अशा कुत्र्याला पाहुण्यांसमोर ओढत आणणं हा त्याचा छळ आहे. वाड्यावर परका माणूस आला, तर शहाणा मेंढपाळ त्याला लांबच थांबवतो, स्वतः पुढे होऊन कुत्र्यांना हाका मारतो आणि मगच आत घेतो. घरातही तेवढं सहज जमतं: कुत्र्याला भिंतीलगत आपली जागा असावी, पाहुण्याने त्याच्याकडे टक लावून पाहू नये, वाकून डोक्यावर हात ठेवू नये, आणि ते आपणहून हुंगायला येईपर्यंत खुशाल चहा प्यावा.