बाबूराव पेंटर आणि त्यांची शिष्यशाखा



चित्रकाराची योग्यता पाहावयाची तर आपण त्याचीं चित्रें पाहतों. ग्रंथकाराची पाहावयाची तर त्याचे ग्रंथ वाचतों. परंतु ज्याच्या बहुतेक कृति काळानें गिळून टाकल्या त्या कलावंताची थोरवी इतिहासानें कशावरून ठरवावी? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांच्या चरित्राकडे वळतांच हा प्रश्न पुढें येतो. त्यांच्या मूकपटांपैकीं आज फारच थोडे, आणि तेहि त्रुटित स्वरूपांत, शिल्लक आहेत. असें असूनहि मराठी चित्रपटाच्या इतिहासांत दादासाहेब फाळके यांच्या पाठोपाठ त्यांचेंच नांव घ्यावें लागतें. ह्याचें कारण त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या माणसांत सांपडतें, अशी माझी समजूत आहे; आणि तीच आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजीं कोल्हापुरांत झाला. घराणें कारागिरांचें, त्यामुळें हत्यार आणि कुंचला हे दोन्ही लहानपणींच हातीं आले. आनंदराव मिस्त्री हे त्यांचे नात्यानें बंधु. ह्या दोघांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत असें नांव मिळविलें कीं, ‘पेंटर’ हेंच त्यांचें आडनांव होऊन बसलें. १९१३ सालीं फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला आणि त्या चलच्चित्रांनीं ह्या दोघां बंधूंना अक्षरशः झपाटलें. पडद्यावर रंगविलेला राजवाडा कितीहि हुबेहूब असला तरी त्याच्या सज्जांतील दिवा कधीं फडफडत नाहीं. येथें तर पानहि हालतांना दिसत होतें!

चित्रें घ्यावयाचीं तर कॅमेरा पाहिजे. तो विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें. म्हणून त्यांनीं तो घरींच करावयाचें ठरविलें. मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रें दाखविण्याचें एक यंत्र आणून तें खोलून पाहिलें, त्याचें मर्म जाणून घेतलें आणि कामास आरंभ केला. १९१६ सालीं आनंदराव वारले. एखादा दुसरा खचून गेला असता; बाबूरावांनीं विष्णुपंत दामले ह्या आपल्या शिष्याला हाताशीं धरून तो कॅमेरा १९१८ सालीं पुरा केला. गुरु आणि शिष्य यांनीं एकाच यंत्रावर शेजारीं बसून काम करावयाचें, ही बाबूरावांच्या पुढील सर्व शिक्षणपद्धतीची सुरुवात येथेंच झालेली दिसते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल लाभलें तें तानीबाई कागलकर ह्या गायिकेकडून. एका गायिकेनें आपला पैसा एका पडदे रंगविणाऱ्याच्या स्वप्नावर लावावा, ही गोष्ट इतिहासानें विसरतां कामा नये. १९२० सालीं पुण्याच्या आर्यन सिनेमांत ‘सैरंध्री’ झळकला. ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या चित्रपटांत तारामतीचें काम पुरुषानें केलें होतें. ‘सैरंध्री’मध्यें मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. कीचकवधाचा देखावा इतका जिवंत उतरला कीं, तो पुढें सेन्सॉरच्या कात्रींत सांपडला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ असें गौरविलें.

बाबूरावांची कंपनी हें खरोखर एक कलाभवनच होतें. चित्रण सुरू होण्यापूर्वीं ते देखाव्यांचीं आणि पोशाखांचीं रेखाटनें स्वतः काढीत. रंगविलेल्या पडद्यांच्या जागीं त्यांनीं उठावाचे, खोली असलेले देखावे उभे केले. ‘सिंहगड’ ह्या १९२३ सालच्या चित्रपटांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रपटांच्या जाहिरातीचीं भित्तिचित्रेंहि आपल्या कुंचल्यानें रंगविलीं. शिष्यांनीं हें सारें पाहावें, आणि पाहतां पाहतां शिकावें. दामले यांच्या जोडीला शेख फत्तेलाल आले, केशवराव धायबर आले, बाबूराव पेंढारकर आले. १९२० सालीं शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण आला आणि पडेल तें काम करूं लागला. सामान वाहावें, रसायनशाळेंत राबावें आणि वेळ आली म्हणजे तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढें उभें राहावें. अमुक काम हलकें आणि अमुक भारी, हा भेद तेथें नव्हता.

१९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हें ह्या कंपनीचें शिखर. कथा नारायण हरि आपटे यांची. कर्जापायीं जमीन गमावलेला शेतकरी शहरांत येऊन गिरणीचा मजूर होतो, एवढेंच त्याचें कथानक. देवादिकांच्या चमत्कारांना सोकावलेल्या प्रेक्षकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं आणि बाबूरावांना पुन्हां पुराणाकडे वळावें लागलें. आज तो मूकपट उपलब्ध नाहीं. परंतु त्यांतील तरुण शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या शांताराम यांनीं १९३७ सालीं ह्याच आपट्यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. बीज नष्ट झालें असें कोणी म्हणावें?

शिष्य तयार झाले म्हणजे त्यांना वाव द्यावा लागतो, आणि बाबूरावांच्या कंपनींत तो मिळाला. १९२७ सालीं ‘नेताजी पालकर’चें दिग्दर्शन शांताराम यांच्याकडे आलें, १९२८ सालीं ‘महारथी कर्ण’ दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केला. पण ज्याला पंख फुटले तो घरट्यांत किती दिवस राहणार? १ जून १९२९ रोजीं शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्यानें त्याच कोल्हापुरांत ‘प्रभात’ची स्थापना केली. एकाच तडाख्यांत गुरूचे उजवे आणि डावे दोन्ही हात गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

ह्या प्रसंगीं शिष्यांना कृतघ्न म्हणणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. बाबूराव हे एकेका देखाव्यासाठीं जीव टाकणारे कलावंत. व्यवहाराची घाई त्यांना मानवत नसे. बोलपटाविषयींहि त्यांचें मन साशंक होतें. शब्दांच्या गर्दींत दृश्याची कला गुदमरेल, असें त्यांना वाटे. शिष्यांना मात्र नव्या युगाची हांक ऐकूं आली होती. दोघेहि आपापल्या परीनें खरे होते; आणि अशा वेळीं जी किंमत द्यावी लागते ती बहुधा गुरूलाच द्यावी लागते.

पुढें बाबूरावांनीं ‘उषा’, ‘प्रतिभा’, त्याचप्रमाणें १९३६ सालीं बोलका ‘सावकारी पाश’ असे चित्रपट दिग्दर्शित केले. पण पूर्वींचें स्वतःचें राज्य पुन्हां उभें राहिलें नाहीं. इकडे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ ह्या चित्रपटाचा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. त्यांतील देहूचीं मातीचीं घरें, साधीं माणसें आणि अकृत्रिम वातावरण पाहतांना कोल्हापूरच्या त्या कलाभवनाची आठवण जाणत्याला झाल्यावांचून राहत नाहीं. १९४७ सालीं शांताराम यांनीं आपल्या राजकमल कलामंदिराच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठीं आपल्या वृद्ध गुरूला बोलाविलें. अठरा वर्षांपूर्वीं तुटलेला धागा असा पुन्हां जुळला. १६ जानेवारी १९५४ रोजीं बाबूरावांचें देहावसान झालें.

‘प्रभात’हि पुढें मिटली, पण पुण्यांतील तिच्याच जागेवर १९६० सालीं सरकारनें चित्रपटविद्येचें शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. जी विद्या कोल्हापुरांत एका घरगुती कॅमेऱ्याभोंवतीं बसून हातानें हाताला दिली गेली, तिला अशा रीतीनें शाळा मिळाली. त्या संस्थेंत शिकणाऱ्यांना बाबूरावांचे मूकपट पुरतेपणीं पाहावयास मिळत नाहींत. तरीहि ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ त्यांच्यापुढें आहेत, आणि ते काढणारे हात कोणी घडविले हें इतिहासाला ठाऊक आहे.