खांदेरीचा पेच आणि आपले मावळ

मावळच्या माणसास समुद्राचा इतिहास सांगावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. आपला मुलूख डोंगराचा, भाताचा आणि धुवाधार पावसाचा. परंतु ज्या लोणावळ्यापासून समुद्र घाट उतरून पुष्कळ दूर आहे, त्याच लोणावळ्यात १९४५ सालापासून नौदलाची अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था उभी आहे आणि तिला 'शिवाजी' हे नाव दिलेले आहे. कार्ल्याच्या एकवीरेच्या दर्शनास चैत्रात खालच्या किनाऱ्यावरून कोळी मंडळी पालख्या घेऊन वर येतात, तेही आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. समुद्र आणि मावळ यांचे नाते जुने आहे. त्या नात्यातील एक प्रकरण आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. ते प्रकरण खांदेरीचे होय.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे दहा-अकरा मैलांवर, थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटे आहेत. किनाऱ्यास जवळचे ते उंदेरी आणि त्यापलीकडचे, थोडे मोठे, ते खांदेरी. मुंबई बंदरात शिरणारे व निघणारे प्रत्येक जहाज या बेटांवरून सहज नजरेत येते. शिवाजी महाराजांस हे बेट हवे होते याचे कारण केवळ इंग्रज नव्हते. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी चाकर. तो पावसाळ्यात आपली गलबते मुंबई बंदरात आणून ठेवी आणि पावसाळा सरला की तेथूनच बाहेर पडून महाराजांच्या किनाऱ्यावरील गावे जाळी, माणसे धरून नेई. इंग्रज त्यास आश्रय देत. आनंदाने देत असे म्हणता येणार नाही, परंतु मोगलांची भीड आणि सुरतेचा व्यापार त्यांस सोडवत नव्हता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांशी तह झाला होता, तरी ही खोड काही गेली नाही. तेव्हा दारातच पहारा बसविणे हा एक उपाय राहिला. १६७२ मध्ये एकदा तसा प्रयत्न झाला होता, परंतु इंग्रज व सिद्दी या दोघांनीही हरकत घेतल्यामुळे तो सोडून द्यावा लागला.

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि त्याने तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांनी तत्काळ निरोप धाडला की, बेट मुंबईच्या मालकीचे आहे, सोडून जा. मालकीचा हा दावा मोठा गमतीचा होता. पोर्तुगालच्या राजाने १६६१ च्या विवाहाच्या तहान्वये मुंबई इंग्लंडच्या राजास दिली, त्याने ती १६६८ मध्ये कंपनीस दिली, आणि त्याबरोबर आसपासची बेटेही आपल्याकडे आली, असे इंग्रज म्हणत. पोर्तुगीज म्हणत की बेट आमचेच. ज्या किनाऱ्यासमोर ते उभे आहे तो किनारा मात्र महाराजांचा होता. मायनाकाने उत्तर दिले की, आपण धन्याच्या हुकमाने आलो आहोत, त्याच्या हुकमावाचून हलणार नाही. कागदावर तिघांचे हक्क होते, बेटावर मात्र एकच माणूस चुना-दगडांचे काम करवून घेत बसला होता.

पुढे चार-पाच महिने जे चालले त्यास युद्ध म्हणावे की वेढा, हे ठरविणे अवघड आहे. इंग्रजांनी बेटाभोवती शिबाडे ठेवून रसद तोडण्याचा बेत केला. परंतु भाद्रपदातील वारा, खवळलेला समुद्र आणि जड गलबते यांपुढे त्यांचे फारसे चालेना. महाराजांची लहान गलबते उथळ बुडाची, वल्ह्यांनी चालणारी. वारा पडला की इंग्रजांचे गलबत जागच्या जागी डुलत राही आणि आमची होडी त्याच्या देखत निघून जाई. काळोख्या रात्री थळ-नागावकडून धान्य, दारूगोळा, दगड आणि माणसे बेटावर पोहोचत. सकाळी इंग्रज पाहत तो तट कालच्यापेक्षा वर आलेला असे. १९ सप्टेंबर रोजी थॉर्प नावाच्या त्यांच्या एका अधिकाऱ्याने बेटावर उतरण्याचे धाडस केले. तो व त्याचे काही सोबती ठार झाले, काही कैद झाले.

मग इंग्रजांनी 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज, 'डव्ह' नावाची गुराब आणि इतर लहान गलबते मिळून आठ जहाजांचा तांडा पाठविला. त्यावर मिंचिन आणि केग्विन हे अनुभवी अधिकारी होते. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखान चाळीस-पन्नास गलबते घेऊन नागावच्या बाजूने असा वेगाने चालून आला की इंग्रजांस नांगर उचलण्यापुरताही वेळ मिळाला नाही. 'डव्ह'ने शरणागती पत्करली, लहान गलबते पळाली, एकटे 'रिव्हेंज' तोफा डागीत टिकून राहिले आणि अखेर दौलतखानाच्या आरमारास माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीत शिरावे लागले. इंग्रज ग्रंथकार हा आपला विजय म्हणून सांगतात. त्या दिवसापुरते त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. परंतु ज्या कारणासाठी लढाई झाली ते कारण पाहावे. लढाईनंतरही रसद थांबली नाही आणि तट चढतच राहिला.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आपल्यासारख्या ज्ञातींच्या स्मरणिकांतून प्रत्येक शूर पुरुष आपल्याच ज्ञातीचा ठरविण्याचा मोह लेखकांस होतो, आणि वाचकांसही ते गोड लागते. खांदेरीच्या प्रकरणात तो मोह आवरला पाहिजे. ज्यांची नावे ठळकपणे पुढे येतात त्यांपैकी एक भंडारी आहे, दुसरा मुसलमान आहे. होड्या चालविणारे हात किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी जातींचे. त्यांतील एकही धागा उपटला तर ते कापड राहत नाही. आमच्या ज्ञातीच्या मुलांस हा इतिहास सांगताना ही नावे जशीच्या तशी सांगावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. असो.

नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला, आणि येथे पेच अधिकच गुंतला. सिद्दीने खांदेरी जिंकले तर तो ते आपल्यापाशीच ठेवील, ही भीती इंग्रजांस महाराजांच्या भीतीइतकीच होती. इकडे महाराजांनी कल्याणकडे फौज जमविली आणि मुंबईवरच चाल होणार अशी वार्ता पसरली. कंपनीच्या विलायतेतील मालकांनी काटकसरीपायी मुंबईची शिबंदी व गलबते आधीच कमी केली होती. एका खडकासाठी किती खर्च करावा, असा हिशेब सुरतेत सुरू झाला. व्यापाऱ्याने एकदा हा हिशेब मांडला की निकाल ठरलेलाच असतो. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली. सिद्दीने मात्र त्याच महिन्यात शेजारचे उंदेरी बेट बळकावून तेथे तोफा चढविल्या. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, तो फसला आणि तो स्वतः जखमी झाला. मार्चात इंग्रजांशी समेट झाला, खांदेरी महाराजांकडे राहिले, आणि पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांनी देह ठेवला.

आता या बेटाची गाठ आपल्या लोणावळ्याशी कशी पडते ते पाहू. पुढे कोकणच्या आरमाराची सूत्रे कान्होजी आंगरे यांच्या हाती आली. त्यांचे मूळ आडनाव संकपाळ, आणि आंगरे हे नाव पुण्याजवळच्या मावळातील आंगरवाडीवरून पडले, अशी परंपरा आहे. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस पाठविले, तर कान्होजींनी पेशव्यांसच पकडून कुलाब्यास कैदेत ठेवले आणि घाटावर चढून लोहगड व राजमाची घेतले. आरमाराचा सरदार बोरघाटाच्या माथ्यावर येऊन बसला. ज्याच्या हाती राजमाची त्याच्या हाती बोरघाटाची वाट, आणि वाट हाती असली म्हणजे देश व कोकण दोन्हींवर दाब राहतो, हे कान्होजींइतके थोड्यांनी ओळखले असेल.

नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळाली आणि ते कान्होजींवर निघाले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या अमलाचा जाच सोसून घाटावर आलेले. (राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी एकाचे नावही श्रीवर्धनच आहे, हा केवळ योगायोग.) तलवार उपसण्याऐवजी त्यांनी बोलणे लावले. लोणावळ्यानजीक वळवण येथे दोघांची भेट झाली आणि १७१४ च्या आरंभी तह ठरला. कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मानावे, बहिरोपंतांस सोडावे, राजमाचीखेरीज घेतलेला मुलूख परत द्यावा. त्याबदली त्यांस सरखेलपद, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी मिळाली. त्या दहा किल्ल्यांत कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्यासमवेत खांदेरीही होते.

आज आपण वळवण म्हटले की टाटांचे धरण आठवतो आणि पर्यटक मंडळी तेवढेच पाहून जातात. परंतु मराठ्यांचे आरमार घरच्या भांडणात फुटणार की एक राहणार, याचा निर्णय समुद्रावर न होता आपल्या या पावसाळी गावात झाला. दोन माणसे आपापला हट्ट थोडा थोडा सोडून उठली. तसे झाले नसते तर खांदेरी कोणाकडे गेले असते हे सांगावयास ज्योतिषी नको. मुंबईकर इंग्रज टपलेलेच होते. गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत १७१८ साली त्यांनी खांदेरीवर आरमार पाठविले, आणि कान्होजींच्या लोकांनी ते परतवून लावले. १८१८ पर्यंत बेट मराठी सत्तेखाली राहिले.

तेथे १८६७ साली बांधलेले दीपगृह आजही आहे आणि त्यास आता कान्होजी आंगरे यांचे नाव दिलेले आहे. नौदलाच्या दोन पाणबुड्यांस 'खांदेरी' हे नाव लाभले, पहिली १९६८ सालची व दुसरी २०१९ सालची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले एकत्र नोंदविले, त्यांत आपला लोहगड आहे आणि खांदेरीही आहे. मंडळाच्या तरुणांस आमची सूचना अशी की, लोहगडाची सहल आपण पुष्कळ वेळा केली, एकदा पावसाळा सरल्यावर थळला जावे. किनाऱ्यावर उभे राहिले की आधी सिद्दीची उंदेरी दिसते आणि तिच्या पाठीमागे, थोडी उंच, मायनाकाची खांदेरी.