वर्ध्याचा पांडुरंग : क्रांतिवीर व कृषितज्ज्ञ कै. डॉ. खानखोजे

श्रींच्या कृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. मंदिराचा इतिहास, जमाखर्च व देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत इतरत्र दिलेली आहे. समितीने मजकडे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहिण्याचे काम सोपविले. मी तहसील कचेरीतला एक साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. विद्वत्तेचा दावा माझा नाही. परंतु वारसाची नोंद, फेरफार, सातबारा हे माझे रोजचे काम आहे. नोंद करावयाची राहून गेली की हक्काचा माणूससुद्धा आपल्याच शेताच्या बांधावर परका ठरतो, हे मी नित्य पाहतो. अशीच आपल्या लोकांच्या मनात राहून गेलेली एक नोंद म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आपल्या जिल्ह्याची पूर्वेकडची शीव म्हणजे वर्धा नदी. तिच्या पलीकडे वर्धा येथे सन 1884 च्या सुमारास पांडुरंगरावांचा जन्म झाला. आपल्या तालुक्यातील माधान येथे ज्यांचे वास्तव्य होते ते प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज यांचा जन्म 1881 चा. म्हणजे दोघे एकाच पिढीचे. एकाने भक्तीची वाट धरली, दुसऱ्याने रणाची.

तो काळ मोठा कठीण होता. 1896-97 साली दुष्काळ पडला आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ आला. आपल्या भागातील वडीलधारी माणसे त्याचे नाव निघाले की कानाला हात लावीत. या मुलखातून कापसाच्या गाठी आगगाडीने मुंबईला व तेथून विलायतेला जात होत्या आणि त्या पिकविणाऱ्या कास्तकाराच्या घरी मात्र दाणा नव्हता. पांडुरंगरावांचे बालपण व शिक्षण अशा दिवसांत वर्धा व नागपूर येथे झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रभाव त्यांच्या मनावर पडला. परक्यांचे राज्य जावयाचे तर लष्करी शिक्षण पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि ऐन तारुण्यात घर सोडून ते प्रथम जपानला व तेथून अमेरिकेला गेले.

खिशात पैसा नव्हता. मजुरी करून त्यांनी शिक्षण घेतले. कॅलिफोर्नियात सॅन राफेल येथील माउंट तमालपाइस लष्करी विद्यालयात ते युद्धशास्त्र शिकले, तर ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील कॉलेजांत शेतीशास्त्र. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, असे हे दुहेरी शिक्षण होते. त्या किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत व शेतांवर पंजाबचे शेकडो कष्टकरी राबत होते. त्यांच्यात मिसळून पांडुरंगराव त्यांचेच झाले. सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ आदी मंडळींनी 1913 साली जो गदर पक्ष उभा केला, त्याच्या संस्थापकांपैकी पांडुरंगराव हे एक होत. पक्षाच्या लष्करी बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रज अडचणीत असताना पश्चिमेच्या बाजूने हिंदुस्थानात शिरावयाचे, या हेतूने पांडुरंगराव तुर्कस्तानातून इराणात गेले व बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत पोचले. वाळवंटाचा मुलूख, पाण्याचे हाल, परकी भाषा. तेथील टोळ्यांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजी फौजेशी चकमकी केल्या. ते जखमी झाले, पकडले गेले, कैदेतून निसटले, वेष पालटून इराणी लोकांत राहिले. सरकारी पेन्शन मिळविणारे शिपाई आपल्या गावोगावी आहेत व त्यांचा आपण यथोचित मान करतो. परंतु हा असा शिपाई होता की ज्याला ना पगार, ना बिल्ला, ना पेन्शन.

युद्ध संपले, जर्मनी व तुर्कस्तान हरले आणि ती वाट बंद झाली. पुढे ते बर्लिनला गेले. 1921 साली मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांतही ते होते. परंतु कोणाकडूनही देशाच्या कामी येईल अशी मदत मिळेना. मायदेशी परतावे तर फाशीचा दोर तयार. अशा वेळी पुष्कळ माणसे खचून जातात. पांडुरंगरावांनी मात्र दुसऱ्या हातातील बियाणे पुढे केले. 1924 साली ते मेक्सिको देशात पोचले.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या अफाट इस्टेटी मोडून जमीन कसणाऱ्याला देण्याचे काम चालले होते. चापिंगो येथे अशाच एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय भरत होते. तेथे पांडुरंगराव प्राध्यापक झाले. मका हे त्या लोकांचे आपल्या ज्वारीसारखे रोजचे अन्न, आणि त्या पिकाचे मूळ जन्मस्थानही तेच. मक्याचा पूर्वज असलेले तेओसिंते नावाचे रानटी गवत तेथे शेताच्या कडेला उगवते.

मक्याच्या ताटाला शेंड्यावर तुरा येतो तो नर, आणि पोटाशी कणसाला जे केस येतात ती मादी. तुऱ्यातील पराग केसांवर पडला की दाणा भरतो. तुरा व कणीस दोन्ही पिशवीने झाकून आपल्याला हवा तोच पराग हवा त्या कणसावर टाकला, तर हवा तसा संकर करता येतो. हे काम दिसावयास सोपे, परंतु त्याला वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. पांडुरंगरावांनी मक्याच्या वाणांवर व गव्हावर असे प्रयोग केले. दुष्काळात तग धरणारे, रोगाला बळी न पडणारे व जास्त दाणा देणारे पीक गरिबाच्या हाती द्यावयाचे, हा त्यामागील हेतू. टीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. माझे आजोबा सुगीत ज्वारीची भरदार कणसे निवडून घरात आढ्याला टांगून ठेवीत आणि पोरांनी हात लावला तर रागे भरत. "हे खायाचं नाही, हे पुढच्या सालाचं हाये," असे म्हणत. पांडुरंगरावांचे शास्त्र हेच, फक्त अधिक खोलात गेलेले.

हे शास्त्र त्यांनी विद्यालयाच्या भिंतीत कोंडून ठेवले नाही. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. खेड्यातल्या अडाणी माणसाला माती, बी व रोग यांचे ज्ञान त्याच्याच गावात मिळावे, अशी ती योजना. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत 1928 साली एक भित्तिचित्र रंगविले. त्याचे नाव "आमची भाकरी". नाना वर्णांची माणसे एका मेजाभोवती पंगतीला बसली आहेत, आणि मुख्य जागी बसून भाकरी मोडणारा पुरुष म्हणजे आपले खानखोजे. आपल्या मंदिरात महाप्रसादाची पंगत बसेल तेव्हा हे चित्र वाचकांनी मनात आणावे.

1936 साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. 1947 साली देश स्वतंत्र झाला आणि पांडुरंगरावांचे मन गावाकडे धावू लागले. परंतु इंग्रजांनी काळ्या यादीत घातलेले त्यांचे नाव स्वराज्यातही तसेच राहिले होते, आणि त्यापायी परतताना त्यांची अडवणूक झाली. ज्या राज्यासाठी रक्त सांडले, त्याच राज्याच्या दारात थांबावे लागले. माझ्यासारख्या कारकुनाच्या काळजाला हे फार लागते. कोणाचा द्वेष नव्हता, कोणाचा कट नव्हता. केवळ यादीतले एक नाव कमी करावयाचे राहून गेले. कागदावरची एक चूक माणसाला किती छळू शकते, हे आम्हा कचेरीतल्या लोकांनी यावरून शिकावे.

अखेर ते परत आले. शेवटची वर्षे त्यांनी नागपूरला काढली. 1966 साली मेक्सिकोत तयार झालेल्या गव्हाचे 18,000 टन बियाणे भारत सरकारने आणविले. ते वाण डॉ. नॉर्मन बोरलॉग यांचे, खानखोज्यांचे नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु रेशनच्या दुकानात परदेशचा गहू व लाल मिलो घेण्यासाठी आपला देश रांगेत उभा असताना, मेक्सिकोच्या मातीत दाणा सुधारण्यासाठी झटलेला आपला माणूस नागपुरात वृद्धापकाळ कंठीत होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दि. 22 जानेवारी 1967 रोजी नागपूर येथेच त्यांनी देह ठेवला.

पुढे सप्टेंबर 2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष श्री. ओम बिर्ला यांच्या हस्ते मेक्सिकोतील चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत व श्रीमती वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. मराठी चरित्राच्या नावातच "नाही चिरा" असे शब्द आहेत. आपल्या मंदिराच्या भिंतीत देणगीदारांच्या नावाचा चिरा बसला आहे आणि तो बसावयासच हवा, कारण घामाच्या पैशाची ती कदर आहे. परंतु ज्याने आपले सारे आयुष्य देणगी म्हणून दिले, त्या वर्ध्याच्या पांडुरंगाचे नाव निदान आपल्या मुलांच्या तोंडी असावे. मंदिराच्या सभामंडपात पुस्तकांचे एक कपाट ठेवावे व त्यात हे चरित्र असावे, अशी समितीस माझी नम्र विनंती आहे. त्यासाठी पहिली प्रत मी स्वतः देईन.

माझ्या लेखणीने झालेली ही एक उशिराची फेरफार नोंद समजून गावकऱ्यांनी ती मंजूर करावी. चूकभूल द्यावी घ्यावी.