एकविसाव्या कलमाचे टोकियोतले आजोळ

नाशिककर राज्यघटनेत आपले गाव शोधू लागला की सतराव्या कलमापाशी थांबतो. अस्पृश्यता संपवणाऱ्या त्या कलमामागे १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची परिषद त्याला दिसते. मी चार कलमे पुढे सरकलो आणि एका तळटिपेत अडकलो.

फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात आंबेडकरांच्या मसुदा समितीने जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून अमेरिकी ‘ड्यू प्रोसेस’ (कायदाच न्याय्य आहे का, हे कोर्टाला तपासू देणारे तत्त्व) काढला आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आणली. तळटिपेत दाखला दिला तो जपानच्या १९४६ च्या घटनेतील एकतिसाव्या कलमाचा. ती घटना कुणाची? पराभूत जपानवर अमेरिकी जनरल मॅकआर्थरचा लष्करी अंमल असताना त्याच्या मुख्यालयाने आठवडाभरात जिचा इंग्रजीत मसुदा लिहिला, तिची!

काही अभ्यासक म्हणतात, या बदलाचे श्रेय अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या फ्रँकफर्टरचे. १९४७ च्या अखेरीस संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत गेले तेव्हा या न्यायमूर्तींनी ‘ड्यू प्रोसेस’पासून सावध केले होते. दुसरा पक्ष जपानच्या आधीच्या मेजी घटनेच्या तेविसाव्या कलमाकडे बोट दाखवतो. अटक कायद्यानुसारच, हे तिथे १८८९ पासूनच होते. हा पक्ष मला पटत नाही. मुख्यालयाच्या मसुद्यात कार्यपद्धती ठरवणारी म्हणून थेट ‘डाएट’चे, म्हणजे जपानी संसदेचे, नाव होते. कोर्टापेक्षा कायदेमंडळावर भिस्त ठेवायची ही तऱ्हा रूझवेल्टच्या ‘न्यू डील’वाल्यांची. ‘ड्यू प्रोसेस’ची ढाल करून न्यायाधीशांनी कामगार कायदे कसे पाडले, हे त्यांनी पाहिले होते. मसुद्याचे काम हाकणारा चार्ल्स केडीस त्यांच्यातला, फ्रँकफर्टरही त्यांच्याच गोटातला. म्हणून माझ्या मते टोकियो आणि वॉशिंग्टन हे दोन प्रतिस्पर्धी दावे नव्हेतच. एकच अमेरिकी धास्ती दोन वाटांनी दिल्लीला पोचली.

आंबेडकर स्वतः डळमळीत होते. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोडला. सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे अशी भरपाई त्यांनी वेगळ्या कलमात केली. तेच आजचे बाविसावे. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली. आणीबाणीत नाशिकरोडच्या कारागृहात ‘मिसा’खाली डांबलेल्यांना तर एकविसाव्या कलमाखाली दाद मागायचीही सोय उरली नव्हती.

१९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकविसाव्या कलमाचा शब्द जसाच्या तसा घेतला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य, वाजवीही हवी असे ठरले आणि मसुदा समितीने वगळलेला ‘ड्यू प्रोसेस’ बहुतांशी परत आला.