पणजोबांच्या पुढे कोण?

घराण्याचा इतिहास शोधायची हौस कोणी ठरवून लावून घेत नाही. बहुतेक वेळा एखादं काम अडतं, जुना कागद लागतो, आणि कागद शोधता शोधता माणूस त्यात रमतो. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या किकवीच्याच तालुक्यात आहे, म्हणून रौप्यमहोत्सवी अंकासाठी हा विषय घेतला.

भोरच्या पलीकडचं कारी हे जेधे देशमुखांचं गाव. कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी आपल्या पाच मुलांसह शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडलं. ही हकीकत ‘जेधे करीना’ या त्यांच्या घरच्याच कागदात आहे. त्या काळी वतन टिकवायचं तर कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाची चाकरी केली, याचा पुरावा घरात असावा लागे. त्यामुळे देशमुख-पाटलांच्या घरी कागद जिवापाड जपले जात.

याच घराण्याकडे ‘जेधे शकावली’ होती. शकावली म्हणजे वर्षवार नोंदी. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही शिवाजी महाराजांची जन्मतिथी नोंदलेली आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर १६२७ हे साल सर्वत्र धरलं जात होतं. लोकमान्य टिळकांनी ही शकावली मिळवली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती छापली गेली. पुढे ‘शिवभारता’तल्या तिथीने आणि जोधपूरला मिळालेल्या कुंडलीने तिला दुजोरा मिळाला. आज आपण १९ फेब्रुवारीला जयंती करतो, त्यामागे एका कुटुंबाने सांभाळलेला कागद आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं का धुंडाळत होते, हे यावरून कळतं.

आता वतनं गेली, पण वंशावळ काही सुटली नाही. जातपडताळणीच्या वेळी ती प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. पुरावा इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो. आमच्या घरी मुलीच्या प्रवेशाच्या वेळी हेच झालं. वडील, आजोबा, पणजोबा इतकी नावं भराभर लिहिली, आणि पुढे पेन थांबलं. मुलीने विचारलं, “बाबा, पणजोबांच्या पुढे कोण?” घरात कोणालाच सांगता येईना. काम तेवढ्यावर भागलं, दाखला मिळाला, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. माझी हौस तिथून सुरू झाली.

शोधायच्या जागा तशा ओळखीच्याच आहेत. सातबारा आणि फेरफार बघावेत. फेरफारात वारसाची नोंद करताना मयताचं नाव आणि त्याच्या वारसांची नावं येतात, त्यामुळे एकेक पिढी मागे जाता येतं. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलला मिळू शकते. शाळेचं जनरल रजिस्टर असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरला घरचं कोणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत नाव सापडतं. जुने कागद बहुधा मोडीत असतात, ते वाचून घ्यावे लागतात. शकात ७८ आणि फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

पण कागदात न सापडणारी एक गोष्ट आहे. वंशावळीत सगळे पुरुष असतात. पणजीचं नाव काय, माहेर कुठलं, ती कोणत्या गावाहून नांदायला आली, हे तहसीलमध्ये मिळत नाही. ते आपल्या इमारतीत राहणाऱ्या आजी-आजोबांच्या तोंडी आहे, आणि तेवढंच आहे. मी चौकशी सुरू केली तेव्हा आमच्या थोरल्या आत्याने एका दुपारी चार पिढ्यांतल्या सुनांची नावं माहेरासकट सांगितली. ती मी वहीत उतरवून घेतली. आत्या आता नाही, वही आहे.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सभासद नोंदवही आहे, सभांची इतिवृत्तं आहेत. कोण कधी राहायला आलं, हे त्यातून पन्नास वर्षांनीही कळेल. पण कुठून आलं आणि कोणाच्या पोटी जन्मलं, हे त्यात नाही. ते ज्याचं त्याने लिहायचं. दाखल्याची गरज पडेपर्यंत थांबू नका. येत्या सुट्टीत मुलांना शंभर पानी वही द्या, आजीशेजारी बसवा, आणि पहिला प्रश्न तिच्या माहेरचा विचारायला सांगा.