ग्वांगझौचे सन यत-सेन स्मारक सभागृह : छप्पर आणि सभा

ग्वांगझौमध्ये सन यत-सेन यांचे अध्यक्षीय कार्यालय १९२२ च्या बंडात तोफांना बळी पडले. त्याच जागी १९३१ मध्ये त्यांचे स्मारक सभागृह पूर्ण झाले. वास्तुकार ल्यू यानझी १९२९ मध्येच निवर्तले होते. निळ्या झिलईदार कौलांची छपरे पाहणाऱ्यास येथे प्राचीन प्रासादशैलीचे पुनरुज्जीवन दिसते. आत शिरताच हा समज डळमळतो. प्रासादात छताचा भार लाकडी खांबांवर असे. येथे तो पोलादी कैच्या पेलतात. परिणामी अष्टकोनी सभागृहात दृष्टी अडवणारा एकही खांब नाही. दर्शनी फलकावरील सन यांच्या हस्ताक्षरातील चार अक्षरे ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथातील असून, जग सर्वांचे आहे, असा त्यांचा आशय. राजसत्तेचे छप्पर कायम ठेवून त्याखाली नागरिकांची सभा बसवणे, हाच या वास्तूने केलेला परंपरेचा अन्वयार्थ होय.