तळटीप १२ : दायमाबादचे जळके दाणे

१२. जळके दाणे : मौजे दायमाबाद, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर), या प्रवराकाठच्या ओसाड गावाच्या पांढरीत १९५८ ते १९७९ या कालखंडात म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी क्रमाने केलेल्या उत्खननांत मिळालेले, आणि कोळसा झाल्यामुळेच न कुजता टिकलेले धान्य. सर्वांत खालच्या, सावळदा संस्कृतीच्या (इ. स. पू. सुमारे २२०० ते २०००) थरात जव, मसूर, वाटाणा व लाख ही रब्बीची पिके आणि उडीद-मूग हे खरिपाचे धान्य आढळल्यामुळे, तत्कालीन कुणबी दोन्ही हंगाम साधीत असावा, असे अनुमान निघते. तथापि रब्बीचे पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर किंवा पाटाच्या पाण्यावरही येत असल्याने, केवळ दाण्यांवरून पर्जन्यमान ठरविता येत नाही. त्यासाठी लाकडी कोळसा व परागकण यांचीही साक्ष काढावी लागते. मूळ मजकुरात पुढे उल्लेखिलेले ‘गाव उठणे’ म्हणजे येथील नंतरच्या जोर्वे संस्कृतीच्या काळाच्या अखेरीस, इ. स. पू. १००० च्या सुमारास, ही वसाहत ओस पडणे होय. म. के. ढवळीकर यांनी त्या काळी गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील वस्त्या उठण्याचे कारण वाढते अवर्षण हे मानले आहे.